पुसलेल्या अठ्ठेचाळीस नळ्या

संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर, जिन्याच्या मागे, एक लांबोळकी खोली होती. तिथे अकरा डीप फ्रीझर ओळीने घरघरत उभे असायचे आणि त्या अकराही जणांवर एका बाईंचं राज्य होतं. फ्रीझर उणे ऐंशी अंशांवर चालतात आणि बाई त्याच्याही दोन अंश खाली, असं वरच्या मजल्यावरची पीएचडीची पोरं म्हणायची. भर उन्हाळ्यात अंगात लोकरी स्वेटर, कोपरापर्यंत निळे जाड मोजे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नाव पडलं थंडीबाई. त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे शाळेची बस चालवणाऱ्या एका गरीब जीवाचा, या नावाला भक्कम पाठिंबा होता. "लोक बायको बाहेरगावी गेली की गारठतात," तो म्हणायचा, "मी ती घरी आली की."

कोणी लाडात येऊन 'मावशी' म्हटलं, तर थंडीबाई काम थांबवून विचारायच्या, "मी तुझ्या आईची बहीण आहे का, ते आईला फोन करून विचार. नसेन तर बाई म्हण."

हा तोरा उगाच नव्हता. सव्वीस वर्षांपूर्वी त्या इथे आल्या त्या विज्ञानाची पदवी घेऊन, पहिल्या वर्गात, सहा महिन्यांच्या बदलीच्या जागेवर. तिसऱ्या महिन्यात धीर करून तेव्हाच्या प्रमुखांना विचारलं होतं, "सर, मला पुढे संशोधन करता येईल का?" प्रमुखांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुमच्या घरात या क्षेत्रात कोण आहे?" "कोणी नाही." "मग अवघड आहे हो," असं म्हणून ते त्यांच्या कागदांत शिरले. झालं. थंडीबाईंनी रडारड केली नाही. ज्या खोलीत ठेवलं ती खोली पाठ केली. कुठल्या फ्रीझरच्या कुठल्या खणात कुणाचं रक्त आणि कुणाची लघवी आहे, हे डोळे मिटून सांगतील. लोकांना पुतण्यांचे वाढदिवस आठवत नाहीत, यांना नळ्या आठवायच्या.

आता वरच्या मजल्याची गंमत. तिथे मोठे डॉक्टर बसायचे. मूत्रपिंडाच्या आजारांवर त्यांचं नाव होतं, आणि त्या नावावर त्यांचं फार प्रेम होतं. संस्थेने पाच वर्षांपूर्वी एक योजना काढली. ज्यांच्या घरात कोणी प्रयोगशाळेचं दारही पाहिलेलं नाही, अशा एका मुलाला किंवा मुलीला दर वर्षी घ्यायचं, वर्षभर शिकवायचं, आणि वर्षाच्या शेवटी समितीसमोर उभं करायचं. समितीला पटलं तर पीएचडीची जागा पक्की, नाहीतर नमस्कार. मार्गदर्शकाने मात्र दर महिन्याला एक पान लिहून द्यायचं: या महिन्यात काय शिकवलं, कुठे अडलं, पुढे काय.

मोठे डॉक्टर ते पान घेऊन पहिल्याच महिन्यात खाली उतरले. "बाई, तुम्ही या पोरांना रोज बघता. दोन ओळी खरडा ना. मी सही करतो."

थंडीबाईंनी दोन ओळी नाही, दोन बाजू भरून दिल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा. मग तो रिवाजच झाला. 'मी तिच्याशी बोललो', 'मी त्याला पुन्हा करायला लावलं'. महिन्यातून एकदा, पानापुरत्या, थंडीबाई मिशा लावून बसायच्या. चौथ्या वर्षी मोठ्या डॉक्टरांना 'उत्कृष्ट मार्गदर्शक' म्हणून काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. भाषणात त्यांनी पानांतल्या तीन परिच्छेदांचं वाचन केलं आणि स्वतःच्याच शहाणपणाने त्यांचे डोळे ओलावले. मागच्या रांगेत थंडीबाई शेजारणीला म्हणाल्या, "दुसरा परिच्छेद मला जरा लांबला असं वाटतंय."

पाचव्या वर्षी आली ती पोर. बापाचं धुलाईचं दुकान. इस्पितळाच्या चादरी, हॉटेलांचे गाऊन, कोटबीट. पोरगी हुशार, हात चपळ, पण तोंडात एकच शब्द. "हे कळलं का?" "हो." "हे यंत्र चालवलंयस का?" "हो." आठवड्यात तिचं नाव हो-हो पडलं. थंडीबाईंनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी तिला पकडलं. 'हो' म्हणून हाती घेतलेलं यंत्र ती उलट्या बाजूने उघडायला लागली होती.

"चालवलंयस ना?"

"हो."

"हो काय हो! अगं, खोटं बोलायचं तर निदान यंत्राची पुढची बाजू तरी बघून ठेव."

पोरीचा चेहरा पडला. मग हळूच म्हणाली, "बाई, इथे सगळ्यांना सगळं येतं. मी विचारलं तर कळेल ना, की मला येत नाही."

थंडीबाईंनी मोजे काढले. मोजे काढणं म्हणजे गंभीर प्रकरण. "ऐक. उद्यापासून रोज सकाळी तीन बावळट प्रश्न. मोजून तीन. त्याशिवाय फ्रीझरची किल्ली नाही. शहाणे प्रश्न चालणार नाहीत, ते वर जाऊन विचार."

पहिल्या दिवशी पोरीला एकच प्रश्न सुचला, तोही घामाघूम होऊन. महिनाभरात ती सात घेऊन यायला लागली. थंडीबाई वैतागायच्या, "तीनच म्हटलं होतं, दुकान नाही मांडायचं!" पण उत्तरं सातांचीही द्यायच्या. पान लिहिताना त्या महिन्यात लिहिलं, 'मी तिला प्रश्न विचारण्याची सवय लावली.' मोठ्या डॉक्टरांनी न वाचता सही ठोकली.

अकराव्या महिन्यात पोरीने अठ्ठेचाळीस रुग्णांच्या लघवीचे नमुने गोळा केले. आजार वाढण्याआधी त्यात एखादं प्रथिन दिसतं का, हे बघायचं होतं. समितीपुढे मांडायचं काम तेच. अठ्ठेचाळीस छोट्या नळ्या, प्रत्येकीवर रुग्णाचा क्रमांक. समितीला नऊ दिवस राहिले होते. फ्रीझरमधून काढलेल्या नळ्या तिने खोक्यातून ट्रेमध्ये ओतल्या आणि नियमाप्रमाणे एकेक स्पिरिटने पुसली. पुसून झाल्यावर पाहिलं तर नळ्या लख्ख कोऱ्या. कापसाचा बोळा निळा.

थंडीबाई धावत आल्या. "कुठल्या पेनने लिहिलंस?"

पोरीने खिशातून पेन काढलं. बापाच्या दुकानातलं. चादरींवर खूण करायचं पेन. "बाई, हे पक्कं असतं. सोडा घाला, उकळा, आपटा, वर्षभर जात नाही. आमच्याकडे तीस वर्षं हेच वापरतात."

पाण्याने जात नव्हतंच ते. स्पिरिटशी त्याची कधी गाठ पडली नव्हती, इतकंच. प्रयोगशाळेची खास पेनं वरच्या मजल्यावर एका खणात होती आणि तो खण होता युवराजाचा. युवराज म्हणजे मोठ्या डॉक्टरांचा लाडका विद्यार्थी. आजोबा डॉक्टर, आई डॉक्टर, बाप डॉक्टर. घरातलं मांजरसुद्धा औषध वेळेवर घेत असेल. त्याच्याकडे पेन मागायला पोरीची जीभ उचलली नव्हती. आणि थंडीबाईंनी पेनाबद्दल कधी सांगितलं नव्हतं, कारण हे काय सांगायचं, हे सगळ्यांना माहीतच असतं. कुणाला माहीत असतं? ज्यांच्या घरी कोणीतरी जेवताना या गप्पा मारतं त्यांना.

युवराज खाली आला, वाईट नव्हता बिचारा. ट्रेमध्ये डोकावून म्हणाला, "एवढं काय? खोक्याच्या एकाच कोपऱ्यातून ओतल्यास ना? मग साधारण क्रम तोच असणार. पुन्हा नंबर टाक. कोणाला कळणार आहे?" मोठे डॉक्टरही जिन्यावरून म्हणाले, "हो, हो, टाकून घे. समिती जवळ आलीय, तमाशा नको."

पोरीने युवराजाने आणलेल्या खास पेनाचं टोपण काढलं. "हो," ती म्हणाली.

"टोपण लाव," थंडीबाई म्हणाल्या.

"पण बाई, सर म्हणतात—"

"सर जिन्यावर आहेत. नळ्या तुझ्यासमोर आहेत. ही सातवी कोणाची?"

पोरीने टोपण लावलं.

"एखाद्या माणसाला तू त्याचा आजार वाढतोय म्हणून सांगशील आणि तो आजार शेजारच्याचा असेल. उचल ट्रे."

थंडीबाईंनी स्वतः कचऱ्याच्या पिवळ्या डब्याचं झाकण उघडून धरलं. पोरीने एकेक नळी टाकली. अठ्ठेचाळीस वेळा टक्क. ती मुसमुसत होती आणि थंडीबाई नेहमीसारख्या कोरड्या चेहऱ्याने झाकण धरून उभ्या. डोक्यात मात्र एकच घोळत होतं. ही जागा गेली तर ही पोर परत चादरींवर खुणा करणार, आणि याच इमारतीत आणखी एकाने चष्मा पुसून म्हटल्यासारखं होणार, की घरात कोणी नसेल तर अवघडच असतं.

"झालं रडून? रुग्णांची यादी आण. उद्यापासून आठ दिवस आहेत."

आठ दिवसांत दोघींनी इस्पितळातल्या बाह्यरुग्ण विभागाच्या बाकांवर ठाण मांडलं. एक आजोबा म्हणाले, "पुन्हा? मागच्या वेळचं काय केलंत, सांडलं?" थंडीबाई म्हणाल्या, "नाव पुसलं गेलं, आजोबा. तुमचं दुसऱ्याच्या नावावर खपवायला नको म्हणून आलोय." आजोबा हसत बाटली घेऊन गेले. कोणी गावाला, कोणी रागावलेलं, कोणाची तपासणी पुढच्या महिन्यात. सोळा मिळाले. अठ्ठेचाळिसांतले सोळा.

त्या महिन्याचं पान थंडीबाईंनी समितीच्या आदल्या दिवशी लिहिलं. झाली ती चूक सगळी लिहिली. पेन कुठलं, का, नळ्या कोणी फेकायला लावल्या. एक ओळ आणखी: 'पेनाबद्दल तिला सांगायला मी विसरले, ही माझी चूक.' हे वाक्य मोठ्या डॉक्टरांच्या सहीखाली कसं जाणार? पेनाबद्दल सांगायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. थंडीबाईंनी क्षणभर विचार केला आणि खाली स्वतःची सही केली. पान कचेरीत देऊन टाकलं.

समितीच्या अध्यक्षबाई सत्तरीच्या, आवाज बारीक, नजर मात्र धारदार. पोरीने सोळा नमुन्यांचं काम मांडलं आणि शेवटी म्हणाली, "एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. बत्तीस अजून हवेत."

समितीतला एक गृहस्थ पुटपुटला, "म्हणजे वर्षाचा निष्कर्ष शून्य."

अध्यक्षबाईंनी पान उचललं. "आणि हे मार्गदर्शकाचं पान. सही प्रयोगशाळा सहाय्यकाची आहे. नियमात बसत नाही. वैध पान नसेल तर जागेचा विचारच करता येणार नाही."

मोठे डॉक्टर झटकन उठले. "काहीतरी गोंधळ झालाय. कोरं पान द्या, मी पाच मिनिटांत लिहून देतो. मुलगी उत्तम आहे."

"काय उत्तम आहे तिचं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"म्हणजे... मेहनती आहे. शांत आहे. कधी उलट प्रश्न करत नाही."

दाराजवळ, फाईल आणून दिल्याच्या निमित्ताने रेंगाळलेल्या थंडीबाईंना ठसका लागला. पोरीने मान खाली घातली. अध्यक्षबाईंनी हातातलं पान पाहिलं, टेबलावरची मागची दहा पानं पाहिली, मग दाराकडे पाहिलं. "अक्षर एकच दिसतंय सगळीकडे. तुम्हाला काही सांगायचंय?"

थंडीबाई पुढे आल्या. सव्वीस वर्षांत या दालनात त्या फक्त नमुने घेऊन आल्या होत्या. पोरीकडे पाहिलं. कोरं पान आलं, डॉक्टरांनी चार गोड ओळी लिहिल्या, की जागा पक्की होण्यासारखी होती. गप्प राहणं काही अवघड नव्हतं.

"माझं नाव खोडा," त्या म्हणाल्या. "नियमात बसत नसेल तर खोडा, माझं काही जात नाही. पण मजकूर तसाच राहू द्या. या पोरीने वर्षात काय केलं, ते त्या चुकीत आहे. साहेबांना सही करायची तर त्याच पानावर करावी. दुसरं कोरं पान नको."

"अहो, तिचंच नुकसान होईल!" मोठे डॉक्टर म्हणाले.

"होईल कदाचित." थंडीबाई पोरीकडे वळल्या. "तिला विचारा."

सगळ्यांनी पोरीकडे पाहिलं. ती उभी राहिली. नेहमीचा शब्द ओठांवर आला असणार, कारण ती एकदा तोंड उघडून थांबली. "नाही," ती म्हणाली. "नवं पान नको. मी नळ्या फेकल्यात. त्या फेकल्या नाहीत असं लिहिलं तर मग फेकल्या कशाला?"

अध्यक्षबाईंनी पान टेबलावरून मोठ्या डॉक्टरांकडे सरकवलं. "हेच पान. बाईंची सही राहील. तुम्हाला मान्य असेल तर तिच्या खाली करा."

मोठ्या डॉक्टरांनी पान वाचलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच पूर्ण वाचत असावेत, कारण वेळ बराच लागला. 'पेनाबद्दल सांगायला मी विसरले' या ओळीवर ते थांबले, कान लाल झाले, आणि खिशातलं पेन काढून त्यांनी खाली सही केली. थंडीबाईंच्या सहीपेक्षा लहान अक्षरात.

निर्णय दुपारी लागला. जागा दिली, पण अटीवर: सहा महिन्यांत अठ्ठेचाळीस नमुने पूर्ण, आणि मार्गदर्शनाचे दिवसातले दोन तास थंडीबाईंच्या कामात धरायचे, मान्य करून, लेखी. पुटपुटणाऱ्या गृहस्थाने विरोध नोंदवला. तोही लेखी.

पोरीने बाहेर येऊन बापाला फोन लावला. पलीकडे धुलाईयंत्रं चालू असल्यामुळे तिला तीनदा ओरडून सांगावं लागलं. थंडीबाई तोवर जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पोचल्या होत्या.

"बाई, थांबा ना जरा!"

"थांबून काय करू? बत्तीस माणसं राहिलीत. बाह्यरुग्ण विभाग चारला बंद होतो." त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि स्वेटरची बटणं लावायला घेतली. "चल, रागावलेल्यांपासून सुरुवात करू. त्यांना मनवायला वेळ लागतो."