टर्बोची नळी आणि माझा खडू

त्या गाडीखाली मी खडूने जो गोल काढला, तो खोटा होता. नजरचूक म्हणून सोडून देण्यासारखं ते नव्हतं. दोष मला दिसला, मी त्यावर टॉर्च धरला, नीट पाहिलं आणि तरी गोल काढला.

त्या गोलाचा अर्थ आमच्या घराबाहेर कोणाला कळणार नाही. राळेगावला वडिलांचं गॅरेज होतं. आता ते मी चालवतो. वडिलांचा नियम असा, की ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. म्हणून गाडी बाहेर काढण्याआधी दुसऱ्याने गाडीखालच्या खड्ड्यात उतरायचं, खालून सगळं पाहायचं आणि ठीक असेल तरच चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, खडूने गोल काढायचा. माझ्या कामावर धाकटा भाऊ गोल काढी, त्याच्या कामावर मी. वडील गेले, भावाने मारेगावला स्वतःचं गॅरेज टाकलं. तरी मोठं काम असलं की तो गाडी माझ्याकडे घेऊन येतो. एवढा रस्ता, एका गोलासाठी.

गाडी आमच्या गावच्या डॉक्टरबाईंची होती. जपानी बनावटीची, चौकोनी, कापडी टपाची. ऐन पावसाळ्यात, पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरांमधल्या चिखलवाटांनी त्या याच गाडीतून बाळंतपणं करायला जात. वीस वर्षं तिला माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. थंडीत सकाळी चोक किती ओढायचा हे बाईंपेक्षा मला जास्त ठाऊक होतं.

बाईंनी दवाखाना बंद केला, तेव्हापासून त्यांचं पुसदला बहिणीकडे जाणं वाढलं. घाटात ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगावं लागे. त्यांनी मला विचारलं, गाडी हीच ठेवून आत नवं इंजिन बसवता येईल का? मी म्हटलं, नाही होत. खरं म्हणजे मला येत नव्हतं. पण वीस वर्षांच्या गिऱ्हाइकासमोर ते म्हणायला जीभ वळली नाही.

मग बाईंनी भावाला विचारलं. तो म्हणाला, होते.

अपघातात चेपलेल्या एका नव्या गाडीचं लहानसं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन त्याने नागपुरातून आणलं. ते जुन्या गिअरबॉक्सला जोडायला जाड पत्र्याची प्लेट कापून घेतली, वायरिंग घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर पसरून लावलं, आरटीओची परवानगी काढून नवा इंजिन नंबर कागदांवर चढवून घेतला. काढलेलं जुनं इंजिन बाईंनी माझ्याकडे ठेवायला दिलं. मी ते पोत्याखाली झाकून ठेवलं. येता-जाता ते पोतं दिसायचं. मारेगावहून कोणी आलं की मी हटकून विचारायचो, काम कुठवर आलं? अडलं म्हणून सांगितलं की त्या दिवशी दोन घास जास्त जायचे. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच व्हायचं.

अडलं मात्र नाही. एका दुपारी भाऊ गाडी घेऊन दारात उभा राहिला. आवाज शिलाई मशीनसारखा. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं उठून आली. एक जण मला म्हणाला, "मिस्त्री, तुमचा धाकला तर तुमच्याबी पुढं गेला. आता तुमी त्याच्या हाताखाली राहा." सगळे हसले. मीही हसलो.

मग मी खड्ड्यात उतरलो. काम इतकं नीटस होतं की मला दोष शोधायचाच होता, आणि तो सापडला. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्याला तेल लागतं, आणि ते तेल एका नळीतून खाली इंजिनात मोकळेपणी परत यावं लागतं. ती नळी चासी आणि इंजिनाच्या मधे अर्धी चेपली होती. सावकाश चालवताना काही होणार नाही. घाटात जोर दिला की तेल तुंबणार आणि पंख्यातून धुरात जाणार. दोन बोटं पुढे केली असती, "हे पाह्य" म्हटलं असतं, तर तासाभरात नळीची वाट बदलून झाली असती.

वरून भावाने विचारलं, "काय म्हणते गाडी, दादा?"

"ठीक हाय," मी म्हटलं आणि नळीच्या शेजारीच गोल काढला.

आठच दिवसांत पुसदच्या घाटात गाडीतून निळसर धूर निघाला आणि गाडी बंद पडली. भर उन्हात बाई रस्त्याकडेला दीड तास बसल्या. गाडी ओढून माझ्याकडेच आणली. बाई म्हणाल्या, "तुमचं ऐकायला हवं होतं. ते जुनं इंजिन परत बसवा." या वाक्यासाठी मी चार महिने जळलो होतो. ते ऐकून मला गोड वाटलं. किती वेळ, ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ स्वतःचं इंजिन काढून न्यायला आला. खड्ड्यात उतरला. नळी तशीच होती, शेजारी माझा गोलही. त्याने चेपलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "दादा, तू पाह्यली तवा ठीक होती. मंग माह्यच माउंटिंग कच्चं राह्यलं असन, घाटात इंजिन सरकलं." पाना उचलत म्हणाला, "मी आता असले कामं नाही करत. ट्रॅक्टरच बरे."

चेपलेली नळी डोळ्यांसमोर असताना तो माझ्या खडूवर विश्वास ठेवत होता. स्वतःच्या हातांवरचा विश्वास मात्र त्याने सोडून दिला होता.

मी खाली उतरलो. "माउंटिंग पक्कं हाय," मी म्हटलं. "नळी तवाच चेपली होती. मले दिसली होती."

तो माझ्याकडे वळला. "काहून?" एवढंच त्याने विचारलं.

"जळून राह्यलो होतो."

त्याने हात पुसले आणि वर चढून गेला. मला वाटलं, गेला. तो बाहेर बाकावर बसला होता. मी म्हटलं, "चाल बाईकडं." तो उठला, पण माझ्याबरोबर नाही, दहा पावलं मागून चालला.

बाई पडवीत होत्या. बसा म्हणाल्या; मी बसलो नाही. भाऊ फाटकापाशीच थांबला होता. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हटलं, "मॅडम, याचं काम पक्कं आहे. एक नळी चेपली होती, ती मला दिसली आणि मी मुद्दाम गप्प राहिलो. तुम्ही उन्हात बसलात ते माझ्यामुळे. जुनं इंजिन मी बसवणार नाही. गाडी यालाच द्या. माझं चुकलं. तुमची माफी मागतो, आणि तुमच्यासमोर याची."