माइक नसलेले रविवार

माझा स्वभाव किरकिरा आहे. मी त्याला चिकित्सक म्हणतो, बायको किरकिरा म्हणते, आणि तिचंच खरं आहे. रेकॉर्डिंगमध्ये पंख्याची घरघर आली तरी माझं डोकं उठतं. त्यात माझा मित्र पंख्यापेक्षा दसपट बोलायचा.

आमची दोस्ती कॉलेजपासूनची. नोकऱ्याही दोघांना हिंजवडीतच लागल्या. तो नारायण पेठेत राहायचा, मी विश्रांतवाडीला. दर रविवारी सकाळी नऊला तो पाठीला गिटार लावून स्कूटरवर माझ्याकडे यायचा आणि दोनच्या सुमाराला जेवायला घरी जायचा. आमची आठ गाणी होती. शब्द नाहीत, गाणं म्हणणारं कुणी नाही, नुसत्या दोन गिटारी. ती एकदा नीट रेकॉर्ड करून ठेवायची, एवढीच हौस. चाळिशी उलटलेल्या दोन माणसांना कोण विचारतंय, पण हौस ती हौस.

सुरुवातीला माझ्याकडे जुना मोठा ॲम्प होता. गिटारची वायर त्याला जोडायची, त्याच्या स्पीकरसमोर माइक लावायचा आणि वाजवायचं. माइक बिचारा कानावर पडेल ते सगळं घेतो. खाली भंगारवाला ओरडला की तो आत, शेजारच्या कुकरची शिट्टी आत, आणि हा तर असायचाच. शेवटचा सूर विरेपर्यंत गप बसायचं, साधी गोष्ट. पण नाही. सूर अजून हवेत असतानाच हा म्हणणार, "चहा टाक रे." मी चिडून विचारायचो, "तुझ्या तोंडाला विश्रांती नाही का?" तो म्हणायचा, "विश्रांतवाडीत तू राहतोस, मी पेठेतला." मग मी कॉम्प्युटरवर बसून प्रत्येक रेकॉर्डिंगची दोन्ही टोकं छाटायचो. आधीची बडबड छाटली, नंतरची बडबड छाटली, की मूळ फाइल पुसून टाकायची. डिस्कवर उगाच जागा कशाला अडवायची, असा हिशेब.

नंतर मी ॲम्प मॉडेलर आणला. ही एक पोळ्यांच्या डब्याएवढी पेटी असते. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूची लॅपटॉपला लागते. ॲम्प, स्पीकर, सगळ्यांची हुबेहूब नक्कल आतल्या आत होते. तिच्या स्क्रीनवर माइकचं चित्रसुद्धा असतं. तो स्पीकरच्या जवळ ठेवायचा की लांब, हे बटण फिरवून ठरवायचं, आणि खरोखर आवाज बदलतो. पण खोलीत माइक नसतो. खोलीत नुसती तारांची किणकिण, बाकी सगळं दोघांच्या हेडफोनमध्ये. शेजारी खूश, बायको खूश. मी तर हरखूनच गेलो. त्याला म्हणालो, "आता बोल लेका किती बोलायचं ते. तुझा एक शब्द येत नाही यात." तोही हसला आणि बोलत सुटला.

अशी दोन वर्षं गेली. आठांपैकी सहा गाणी झाली. यंदा दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी ऑफिसात दुपारी त्याच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याची मुलगी तेव्हा अडीच वर्षांची होती.

महिन्याभराने मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला, इकडचं तिकडचं विचारलं, आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, एक काम होतं तुमच्याकडे." त्यांना त्याचा आवाज हवा होता. मोबाइलमध्ये व्हिडिओ ढीगभर आहेत, पण ते त्यानेच काढलेले. त्यात तो फक्त "इकडे बघ, इकडे" एवढंच म्हणतो. व्हॉइस मेसेजचा त्याला कंटाळा, सगळं टाइप करायचा. "एवढा बोलका माणूस, आणि सलग चार वाक्यं नाहीत माझ्याकडे. हिला काही आठवणार नाही हो मोठी झाल्यावर. तुमच्याकडे तर दोन वर्षं रेकॉर्डिंगच चाललं होतं. त्यात कुठेतरी बोलला असेल ना?"

मी म्हणालो, "असणारच. देतो की काढून."

कसं म्हणालो, देव जाणे. पेटी मीच आणलेली, तिचं कौतुक मीच केलेलं. पण त्या क्षणी मला नाही म्हणवलं नाही. घरी येताना स्कूटरवर संगमवाडीच्या पुलापाशी माझ्या डोक्यात नीट शिरलं की त्या पेटीत त्याचा एक शब्दही गेलेला नाही.

तरी शोधलं. माइकच्या दिवसांतली बडबड तर मीच छाटून पुसली होती. दोन दिवस रजा टाकली आणि पेटी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारपासून एकेक फाइल उघडली. त्याची गिटार होती. चुकला की तारांवर आपटलेला हात होता. सुरू करायच्या आधी दोनदा नखाने लाकडावर टकटक करायची सवय होती, तीही होती. मधल्या रिकाम्या जागा कोऱ्या करकरीत. किती छान काम केलं होतं त्या पेटीने. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मग एक आठवलं. गिटारच्या तारांखाली जी कॉइल असते, तिच्या अगदी जवळ तोंड नेऊन कुणी बोललं तर आवाजाचा पुसटसा अंश तिच्यात उतरतो. वाजवताना हा गिटारवर असा वाकलेला असायचा की नाक तारांना लागेल. म्हणून मी त्या सगळ्या रिकाम्या जागा पुन्हा पेटीतून वाजवून ऐकल्या, आवाज जितका वाढवता येईल तितका वाढवून. नुसती खरखर यायची आणि तिच्यामागे विजेची गुणगुण. कान किटले. दुसऱ्या दिवशी दुपारी एका जागी मला चक्क "अरे" ऐकू आलं. त्याच्यासारखंच, ओढून म्हटलेलं. वीस वेळा ऐकलं, रडलोही. मग बायकोला बोलावून तिच्या कानाला हेडफोन लावला. तिने डोळे मिटून ऐकलं आणि हळूच म्हणाली, "तारेवरून बोट घसरलंय रे."

बोटच होतं. मलाही माहीत होतं. तेवढा तुकडा कापून वहिनींना द्यावा, असंही माझ्या मनात येऊन गेलं. त्यांना कुठे कळणार होतं. ते केलं नाही, पण मनात आलं हे खरं.

पुढच्या रविवारी पेठेत गेलो. मुलगी सतरंजीवर पातेल्यांची झाकणं मांडून बसली होती. मी सहा गाणी पेनड्राइव्हमध्ये घालून नेली होती. ती टेबलावर ठेवली आणि सांगून टाकलं की त्याचं बोलणं नाही सापडलं, त्या यंत्रात बोलणं येतच नाही, मी उगाच शब्द दिला. वहिनी रडतील असं वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. पेनड्राइव्ह उचलून त्यांनी पदराच्या टोकाने पुसला, काही कारण नसताना, आणि परत ठेवला.

मग म्हणाल्या, "असू दे. यंत्रात नसेल. तुम्ही तर समोर होतात ना. सकाळी नऊला जायचा तो दोनला यायचा. काय बोलायचा एवढं?"

मी म्हणालो, "काहीही. ऑफिसचं, ट्रॅफिकचं."

"हिच्याबद्दल?"

"खूप बोलायचा."

"काय बोलायचा?" त्यांनी मुलीला ओढून मांडीवर घेतलं. "सांगा ना. मी लिहून ठेवते. मोठी झाली की वाचून दाखवीन."

मी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. तो माझ्या पलंगावर मांडी घालून बसलेला दिसत होता. हात हलतायत, हसतोय, ओठ हलतायत. मुलगी कशी पहिल्यांदा चालली ते बहुधा सांगत असावा, कारण दोन बोटांनी चालून दाखवत होता. दिसत सगळं होतं. एक वाक्य म्हणून आठवेना.

वहिनींनी फोनच्या खालची वही उघडून पेन हातात घेतलं होतं.

"मी हेडफोन घालून बसायचो वहिनी," मी म्हणालो.

"दोन्ही वर्षं?"

मी हो म्हणालो.