तेलात पडणारा गोळा

आज सकाळी एरंडेलाची बाटली उघडली आणि त्या वासाबरोबर कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. प्रात्यक्षिक परीक्षा होती. काचेच्या उंच नळ्यांत एरंडेल भरलेलं, बोटं तेलकट झालेली. परीक्षकांनी मला विचारलं, “एक किलोचा गोळा तेलात पडतोय. वजन दहा न्यूटन, तेलाचा विरोध चार न्यूटन. त्वरण किती?” घाबरून मी बेरीज केली आणि चौदा म्हणालो. “वा! म्हणजे तुमचं तेल गोळ्याला खाली ओढतं?” शेजारच्या टेबलावरची माझ्या वर्गातली मुलगी पुटपुटली, “अहो, वजा करा.” मी लगेच सहा म्हणालो. “कोण बोललं?” परीक्षकांनी दरडावलं. मी खाली बघत राहिलो. “मी,” ती म्हणाली. तिला बाहेर काढलं, तिचे गुण गेले. मी पास झालो. पुढे आमचं लग्न झालं, तरी हिला भौतिकशास्त्र मीच शिकवलं असं मी घरात ऐटीत सांगत आलो. आज नाश्त्याला बसल्यावर हिच्यासमोर नातीला खरं सांगून टाकलं, फार हलकं वाटलं. “आजी, तरी लग्न केलंस?” नातीने विचारलं. पोह्यांवर लिंबू पिळत ही म्हणाली, “हे कधी कबूल करतात, ते बघायलाच तर थांबले.”