रडून भेटायची रीत

आर्णीला आले तेव्हा मी नगरकडची, तिखट तोंडाची, आणि ख्रिस्ती प्रचारकाची बायको म्हणून जरा तोऱ्यातच होते. साठ सालाच्या आसपासची गोष्ट. त्या हिवाळ्यात आमची रांगत्या वयाची मुलगी तापाने गेली. मूठमाती देताना मंडळीतल्या वडीलधाऱ्या बायकांनी मला बजावलं, की ज्यांना पुनरुत्थानाची आशा आहे त्यांनी आक्रोश करायचा नसतो. मी केला नाही. केवढा हा विश्वास, म्हणून माझं कौतुक झालं. आतून मात्र मी पार सुकून गेले होते, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

पुढे दर गुरुवारी आम्ही बैलगाडीने एका बंजारा तांड्यावर जाऊ लागलो. हे तांड्याच्या मुखियाच्या, म्हणजे नायकाच्या, ओट्यावर पुरुषांना प्रभूचं शुभवर्तमान सांगत आणि मी बायकांना. पहिल्याच दिवशी तांड्याच्या तोंडाशी बायका एकमेकींच्या गळ्यात पडून सुरात रडताना दिसल्या. मी पदर सावरला, दुखवट्याचा चेहरा केला आणि कोण गेलं म्हणून विचारलं. त्या रडता रडता हसायलाच लागल्या. कुणी गेलं नव्हतं, सासरहून लेक माहेरी आली होती. त्यांची रीतच तशी. भेटलं की गळ्यात पडायचं, मधल्या काळात सोसलेलं रडून सांगायचं, मग पाणी, मग बोलणं. नायकाची म्हातारी आई, जिला सगळे याडी म्हणजे आईच म्हणत, माझ्याही गळ्यात हात टाकायला आली. मी हात जोडून मागे सरकले. तिने मला बसायला बाज टाकून दिली.

त्यानंतर कितीतरी गुरुवार मी त्या बाजेवर बसून घसा कोरडा केला. बायका कशिदा काढत ऐकायच्या, माना डोलवायच्या, चहा पाजायच्या. एकीनेही कधी उलट प्रश्न विचारला नाही. भिंतीशी बोलल्यासारखं व्हायचं, आणि परतताना सगळा राग ह्यांच्यावर निघायचा.

एकदा याडीने विचारलं, "बाई, तुले लेकरू नाही?"

होती एक, म्हटलं, गेली. किती रडलीस, असं तिने विचारलं. मी पढवल्यासारखं उत्तर दिलं, की आम्ही रडत नाही, प्रभू मेलेल्यांना उठवतो. पुरावा म्हणून प्रभूच्या मित्राची गोष्ट सांगू लागले. मित्र मेला, त्याला कबरेत ठेवलं, बहिणी शोक करत होत्या, प्रभू तिथे आला, रडला, मग...

"थांब," याडी म्हणाली. "तो रडला?"

"हो."

"मित्राले उठवनार हाये, हे त्याले मालूम होतं?"

"होतं."

तिने ते आपल्या बोलीत बाकीच्यांना सांगितलं. सगळ्यांच्या सुया थांबल्या. प्रभू रडला हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि दर वेळी घाईने पुढच्या चमत्काराकडे गेले होते. आता अंगावर सरसरून काटा आला. ज्याला या तांड्यावर आणायला मी एवढी धडपडत होते, तो माझ्या आधीच येऊन या बायकांत त्यांच्याच रीतीने बसला होता. मला भीतीच वाटली, आणि त्या भीतीत केवढा तरी आनंद होता.

"मंग तुले कोनं मना केलं?" याडी म्हणाली, आणि तिने माझ्या गळ्यात हात टाकले.

या वेळी मी सरकले नाही. त्यांचा सूर मला येत नव्हता, मी आपला हंबरडाच फोडला. सूर त्यांनी धरला. मुलीचं नाव विचारून घेतलं आणि आपल्या रडण्यात गुंफलं. शब्द मला कळत नव्हते, नाव तेवढं कळत होतं. माझी लेक त्या दिवशी तांड्याची भाची झाली.

रडून झालं तेव्हा उन्हं उतरली होती. मी बाजेवरून कधीच खाली आले होते. याडीने मला तांब्याभर पाणी दिलं, स्वतःचं तोंड पुसलं आणि सुईदोरा बाजूला ठेवून माझ्यासमोर बसली.

"आता सांग," ती म्हणाली. "मंग तो उठला कसा?"