बिनकामाचा फोन

चुकून फोन लागला तर लोक ‘राँग नंबर’ म्हणतात आणि ठेवून देतात. आमची काकी म्हणायची, “असू दे हो, पण कुठचे तुम्ही?” दापोलीच्या एका गृहस्थांनी असाच चुकून तिचा नंबर लावला. गाव विचारून झालं, आडनाव झालं, मुलीच्या सासरची चौकशी झाली आणि ते सासर निघालं पावसचं, म्हणजे काकीच्या माहेरचं! पुढच्या पावसाळ्यात ते गृहस्थ हापूसची दोन कलमं घेऊन एसटीने दारात हजर. काकीला त्याचं काडीचं नवल वाटलं नाही. “चुकून आला तरी माणूस आलाच ना?” म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. रत्नागिरीत तिच्याकडे राहून माझं कॉलेज झालं. पुण्यात नोकरी लागल्यावर पहिल्याच वर्षी मी तिला मोबाइल घेऊन दिला. तेव्हा वाडीत तो एकटाच मोबाइल होता आणि काकीच्या लेखी तो फोन म्हणजे घराची ओटी. तिथे कुणीही येऊन टेकावं. मी फोन केला की ती म्हणायची, “थांब हां, हमीदाबी आलेय, बोल तिच्याशी.” हमीदाबी आमच्याकडे मासे घेऊन यायची. “काय भाऊ, पुण्यात ताजा बांगडा मिळतो काय?” ती विचारायची. मग पोस्टमनशी बोलायचं. एकदा कौलं परतायला आलेल्या गड्याला काकीने शिडीवर फोन नेऊन दिला. तो बिचारा वर, मी पुण्यात, दोघांनी एकमेकांची तब्येत विचारली.

पुण्यात मी ‘बोला, काय काम?’ असं म्हणायला शिकलो होतो आणि त्याचा मला अभिमानही होता. शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाचं नाव तीन वर्षांत मला कळलं नव्हतं, हे वेगळं.

एकदा मोठ्या साहेबांसमोर माझं बोलणं चालू असताना काकीचा फोन आला. कापला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा उचलून मी खेकसलो, “काकी, काम असेल तरच फोन करत जा ना!”

“बरं हो,” ती म्हणाली.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. रविवारी मीच करायचो. बरी आहेस ना? बरी हाय. संपलं. दोन मिनिटांत सुटका झाली म्हणून मला बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

शिमग्याला गेलो तर काकी लंगडत दार उघडायला आली. मी विचारायच्या आत ओटीवर बसलेली हमीदाबी माझ्यावर कडाडली, “दीड महिना प्लास्टर होतं पायाला! भाच्यापुतण्यांना कळव म्हटलं, तर ऐकेल तर शपथ.”

“काकी, मला एक फोन करायचा नाही?”

“पाय माझा मोडला,” काकी म्हणाली. “त्यात तुझं काय काम होतं?”

टोमणा असता तर मी भांडलो असतो. पण तो टोमणा नव्हता. परक्या घरी गेल्यावर आपण चपला बाहेर काढतो, तशी तिने माझ्याकडची रीत पाळली होती. आणि ती रीत मीच घालून दिली होती, मेल्याने! मी तिथेच तिचे हात धरले. म्हटलं, “चुकलो. वाटेल तेव्हा फोन कर.” “वेडा काय तू?” म्हणत तिने मला जेवायला वाढलं.

पुण्याला परतलो. पण फोन काही येईना. आठवडा गेला, महिना गेला. मीटिंगमध्ये मी मोबाइल समोर ठेवून बसायचो. माफी मागून मी मोकळा झालो होतो, पण तिच्या मनातून ते वाक्य जाईल तेव्हा खरं.

मे महिन्यात एका दुपारी, भर मीटिंगमध्ये तो वाजला. काकी! धावत जिन्यात आलो.

“काकी, काय झालं?”

“कुठं काय? काम काय नाय रे. असाच केला.”

मी पायरीवर बसलो. कोकमं वाळत घातली होती म्हणे. हमीदाबीच्या लेकीला मुलगा झाला होता.

“आणि?” मी विचारलं.

“आणि काय, काय नाय.”

“सांग तरी.”

आत सगळे माझ्यासाठी खोळंबले होते. खोळंबू देत! मी जिन्यात बसून ढसाढसा रडत होतो आणि काकी मला यंदा शेवग्याला कशा शेंगा लागल्यात ते सांगत होती.