शनिवारची दुपार

झरीन होडेकर रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदराजवळच्या एका शाळेत आठवीला मराठी शिकवायची. नवरा कुवेतला आणि सासू मांडवीच्या घरी. शाळा, स्वयंपाक आणि सासूची औषधं यांतच तिचा दिवस सरायचा. अशा बाईने चाळिशी उलटल्यावर एम.एड.ला नाव घातलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत 'या वयात हे डोहाळे' म्हणून चहाबरोबर तो विषय पुरवून पुरवून चघळला गेला.

झरीनने कुणाला कारण सांगितलं नाही. कारण होती जन्नत. वर्गात निबंध लिहावा तर तिने. पण ऑगस्टात ट्रॉलर समुद्रात गेले आणि जन्नत आईबरोबर पहाटे कोळंबी सोलायला बसू लागली. बर्फात हात घालून घालून बोटांची सालं निघाली, पेन धरवेना. अक्षर बिघडलं म्हणून गणिताच्या सरांनी वही भिरकावली आणि पोरगी यायचीच बंद झाली.

झरीन जन्नतच्या घरी गेली. आई भांडली नाही की रडली नाही. पोरीचे पंजे पुढे करून म्हणाली, "बगा मॅडम. लिवील कशानी?"

यावर झरीनकडे उत्तर नव्हतं. म्हणून तिने जन्नतला वचन दिलं. माणसं उत्तर नसलं की हेच करतात. "मला प्रबंध लिहायचाय. तुझ्यावरच लिहिते. विषय मंजूर झाला की दर शनिवारी दुपारी तुझ्याशी बोलेन, सगळं उतरवून घेईन. वरच्या लोकांनी ते वाचलं की काहीतरी होईल." पोरीचा विश्वास बसला. वाईट एवढंच, की झरीनचाही बसला.

मार्गदर्शक गुरुप्रसाद सर सज्जन होते. दुष्ट असते तर भांडता तरी आलं असतं. 'मिरकरवाड्यातल्या कोळंबी सोलणाऱ्या मुली शाळा का सोडतात?' हे शीर्षक वाचून ते हसले. "हा प्रश्न झाला, मॅडम. संशोधनाची समस्या नव्हे. समस्या मोजता आली पाहिजे. आधी पूर्वसंशोधन बघून या."

झरीनने कॉलेजच्या ग्रंथालयात धुळीने शिंका येईपर्यंत जुने प्रबंध उपसले. मुलींच्या गळतीवर रग्गड लिहिलेलं होतं. गरिबी, लहान भावंडं, लवकर लग्न. बोटांबद्दल कुणी चकार शब्द लिहिलेला नव्हता. झरीनला आनंद झाला. कुणी केलं नाही, म्हणजे आपणच करायला हवं, असं तिचं साधं गणित. त्याच आनंदात ती सरांकडे गेली.

"मग आधार कशाचा घेणार?" सर म्हणाले. "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? शिवाय ज्या मुली शाळेतच येत नाहीत, त्यांच्यामागे किती हिंडाल? मार्चात प्रबंध द्यायचाय. शाळेत येणाऱ्या मुली घ्या."

झरीनने त्या दिवशी पहिल्यांदा जन्नतचं नाव घेतलं. सरांनी चष्मा काढून सगळं ऐकून घेतलं. "एकाच मुलीचा अभ्यास करता येतो, नाही असं नाही. पण समितीला चालत नाही. गेल्या वर्षी असा एक प्रबंध परत आला. तुमचं वर्ष फुकट घालवू का मी?"

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं शीर्षक चार वेळा परत आलं. दर खेपेला त्यातून काहीतरी गळायचं. आधी कोळंबी गेली, मग मिरकरवाडा गेला, शेवटी शाळा सोडणंही गेलं. मंजूर झालं ते असं: 'रत्नागिरी शहरातील इयत्ता आठवीच्या नियमित विद्यार्थिनींच्या अभ्याससवयींचा अभ्यास.' यावर पूर्वसंशोधनाला तोटा नव्हता. झरीनचा आढावा भराभर पुढे सरकला आणि सरांनी कौतुक केलं. ते कौतुक तिला आवडलं, याची तिला मनापासून लाज वाटली.

दिवाळीनंतर एका सकाळी जन्नत शाळेच्या फाटकाशी उभी होती. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या.

"मॅडम, विषय मंजूर झाला?" शब्द तिने नीट लक्षात ठेवले होते.

"झाला गो."

पोरगी फुलली. "मग या शनवारी येऊ?"

झरीनला खोटं बोलता आलं असतं. "त्यात फक्त शाळेत येणाऱ्या मुली घ्यायच्यात," ती म्हणाली. "तू त्यात बसत नाहीस."

जन्नतने मान हलवली. शाळेत असतानाही तिला एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नसे. "मग मी शनवारचं पन काम धरते. दुपारचं सोडीत होते ना, आई लय वराडते."

"दर शनिवारी सोडत होतीस?"

"तुमी कदी बोलवाल ते म्हाईत नव्हतं."

ती निघून गेली. झरीनला तिला हाक मारायची होती, पण हाक मारून काय द्यायचं ते सुचेना. रडूही आलं नाही. घंटा झाली तशी ती आठवीत गेली आणि नियमित मुलींना प्रश्नावल्या वाटू लागली. पहिला प्रश्न होता: तू दररोज किती वेळ लिहितेस?