बाटली आत्ताच वापरली होती

थांबा जरा, हे आत्ताच सांगा लागते. उद्यावर टाकलं तर मी पुन्हा गिळून टाकीन. इतके दिवस तेच तर करून राहिली. कोणालेच सांगितलं नाई हे. आईले नाई, ताईले नाई, ग्रुपवर तर सोडूनच द्या.

आता थोड्या वेळापहिले प्रणालीचा मेसेज आला. प्रणाली म्हणजे माही एमएस्सीची रूम पार्टनर, पातूरची. आता हिवरखेडकडं शाळेत शिकवते. विचारते, पोरायले दगडफुलावर ब्लीचचा थेंब टाकून लाल रंग दाखवाचा आहे, तर बाटली चांगली आहे का नाई ते कसं ओळखाचं वं?

मी तो मेसेज तीनदा वाचला. काहून — ते सांगतो. एकदम नाई जमणार, हळूहळू सांगतो.

दगडफूल तुमाले माहीत आहे. मसाल्यात पडते ते, वाळलेल्या पानासारखं, वरून राखाडी, खालून काळं. पण ते पान नाई, फूल नाई, अन् दगडावरच उगवते असंही नाई, झाडाच्या सालीवरही मस्त पसरते. बुरशी अन् शेवाळ मिळून राहतात, त्यायचा तो संसार. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हावर स्वयंपाक करते. अन् गंमत पाहा, शास्त्रात नाव लागते ते फक्त बुरशीचं. रांधणारीचं नाव त्यात येतच नाई. मीही एका खोलीत दुसरीसंग राहून राहिली होती — अन् मले नाव एकटीचं पायजे होतं.

आमी अमरावतीले बॉटनी करत होतो. आमच्या मॅडमचा सारा जीव दगडफुलाच्या प्रजातीत, पार्मोट्रेमात. त्यात जाती लय, अन् दिसायले साऱ्या बहिणी-बहिणी. कडेले पापण्यांसारखे केस आहेत का, अंगावर बारीक बोंडं आहेत का नुसती पावडर, असं पाहत पाहत जायचं. शेवटी ब्लेडनं वरची साल खरवडायची अन् आतल्या पांढऱ्या भागावर ब्लीचचा थेंब. लाल झालं तर एक नाव, नाई झालं तर दुसरं. ओळखायचा तो तक्ता मले तोंडपाठ होता. प्रणालीले नव्हता. पण तिचे डोळे — काय सांगू तुमाले.

चिखलदऱ्याले गेलो होतो तवा आमी सारे आंब्याच्या झाडाखालून बोलत बोलत पुढं निघून गेलो, अन् ही मागं थांबली. खोडाले नाक लावून उभी. तिनं पाणी शिंपडलं तसं ते पापडासारखं कडक दगडफूल कसं मऊ, हिरवट झालं. मॅडम मागं फिरल्या. मले म्हणे, "स्वाती, लिहून घे." अन् तिले म्हणे, "प्रणाली, तू पाहा."

लिहून घे अन् पाहा. यातला फरक समजते ना तुमाले? मले त्या दिवशी समजला. खोलीवर येईपर्यंत जळत होती मी. त्यात मॅडमच्या मेळघाटच्या कामात एकाच पोरीची जागा होती, अन् ती सेमिनारवर ठरणार होती.

आता सांगतो. नाई — पहिले बाटलीचं.

ब्लीचमधलं क्लोरीन उडून जाते. बाटली तशीच दिसते, वासही येते जरासा, पण आतून मेलेली. लॅबची बाटली खिडकीपाशी टेबलावर, उन्हात राह्यलेली. सेमिनारच्या आदल्या दिवशी मी पहिले घरून आणलेल्या मसाल्यातल्या दगडफुलावर थेंब टाकला. ते हमखास लाल होते. नाई झालं. मी कपाटातून नवी बाटली काढली, माहं काम केलं, नवी पुन्हा कपाटात ठेवली. अन् मेलेली टेबलावर, जिथं होती तिथं. फेकली काहून नाई? आळस — असं मी स्वतःले लय दिवस सांगितलं.

मंग प्रणाली आली, तिचं चिखलदऱ्याचं दगडफूल घेऊन. बाटली उचलली अन् मले विचारलं, "चांगली आहे ना वं?"

मी म्हटलं, "आत्ताच वापरली ना मी."

पाहा, एक शब्द तरी खोटा आहे काय यात?

थेंब पडला. पांढरं ते पांढरंच. तिचं तोंड असं फुललं — तिले वाटलं, आपल्याले भलतंच काही सापडलं, इकडं कोणी पाह्यलंच नसंल असं. रात्रभर नाचत होती पोट्टी. मी पांघरूण डोक्यावर घेऊन पडली.

सेमिनारमध्ये तिनं ते नवीन म्हणून मांडलं, अन् मॅडमनं कपाटातली बाटली काढून त्यावर थेंब टाकला. कुंकू सांडावं तसं लाल. मॅडम म्हणे, अगं, हे तर आपलं मसाल्यातलंच. मागून एक पोट्टा बोलला, पातूरवाल्यायनं भाजीलेच नवीन नाव ठेवलं बाप्पा. सारा वर्ग हसला. मीही हसली. ते तर बाटलीहून वाईट.

मॅडमनं विचारलं, बाटली तपासली नव्हती काय? प्रणालीनं माह्याकडं पाह्यलं. मी खाली पाहत होती. "चुकलं मॅडम," ती म्हणे. बस.

जागा मले भेटली. मेळघाटात झाडामागं झाड पाह्यलं, अन् प्रत्येक झाडापाशी वाटे, तिनं इथं काय पाह्यलं असतं? आजही जळतो मी. तिच्यावर, अन् आता तर तिच्या शाळेतल्या पोरायवरही. त्यायले ती "तू पाहा" म्हणत असंल.

तिले उत्तर पाठवलं. पहिले मसाल्यातल्या दगडफुलावर टाकून पाहाय, लाल झालं तर बाटली चांगली. पाठवलं अन् बसून राहिली. मंग खाली अजून एक ओळ टाकली: त्या दिवशी मी टाकून पाह्यलं होतं, लाल झालं नव्हतं.

दोन्ही टिक निळ्या झाल्या. ती टाइप करून राहिली असं दिसलं, मंग तेही गेलं.

तुमच्यासंग झालं काय कधी असं — खरं बोलूनच कोणाले फसवलं?